परड्यातली बैठक : वडगावच्या काळ्या रानावरच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या मागं २० फूट रुंद आणि १४ फूट लांब परडं. पूर्वेला कंपाउंड, त्याच्या पलीकडं भाताचं शिवार. डाव्या हाताला तुळशीवृंदावन, एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्यात कढीपत्ता आणि त्याच्या बुडात भांडी घासायचा दगड. खाली सिमेंटचा जुना कोबा होता, तो पापडासारखा तडकलाय. वृंदावनही एका अंगाला कललंय.

हवंय ते एवढंच : संध्याकाळी चार-पाच माणसांना बसता येईल अशी जागा, पावसातही वापरता येईल असं थोडं छत, झाडं आणि डोळ्यांवर न येणारा उजेड. मोबाइलवर जमवलेले फोटो सासूबाईंना दाखवले. त्यांनी दोन-तीन बघितले आणि म्हणाल्या, "सगळं परडं झाकूलालीस, मग मिरच्या काय डोक्यावर वाळवायच्या?"

मग फोटो बाजूला ठेवले आणि वर्षभरात परड्यात काय काय होतं ते लिहून काढलं. चैत्र-वैशाखात तिखटाच्या मिरच्या, शेवया, सांडगे, कुरड्या. रोजचं धुणं आणि भांडी. दिवाळीत मुलांचा किल्ला, पाठोपाठ तुळशीचं लग्न. फोटोतल्या एकाही बैठकीत यातलं एकही काम करता आलं नसतं. तिथं सोफे, काचेची टेबलं आणि हिरवी प्लॅस्टिकची हिरवळ. आपल्या उन्हात ती हिरवळ चटका बसेल इतकी तापते आणि पावसात तिच्याखाली पाणी साचून कुजतं, त्यामुळे तिचा विचार तिथंच संपला.

ठरलं ते असं. घराकडचे आठ फूट छताखाली, कंपाउंडकडचे सहा फूट उघडे. उघडा पट्टा पूर्वेला असल्यामुळं सकाळपासून ऊन मिळतं. फर्निचर नाही, फक्त बांधीव कट्टा. आणलेली प्रत्येक वस्तू हलवता आली पाहिजे. बजेट १ लाख २० हजार.

हा आराखडा कागदावर करण्याआधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखला आणि आतल्या खुर्च्या आणून त्यात मांडल्या. मागचं दार बाहेर उघडतं आणि कट्टा ठरवलेल्या जागी बांधला तर ते कट्ट्याला धडकणार, हे तेव्हाच कळलं. कागदावर दिसलं नव्हतं.

१९ जानेवारी

कोबा फोडला. खाली विटांच्या तुकड्यांचा दोन इंचांचा थर आणि त्याखाली थेट काळी माती, मुरमाचा पत्ता नाही. मातीला इतक्या भेगा की केरसुणीचा दांडा सोडला तर हातभर आत गेला. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यातली ही जमीन बासमती भातासाठी नावाजलेली आहे, पण तिच्यावर काही बांधायचं म्हटलं की ती छळते. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. वरचा कोबा कितीही चांगला घाला, खालून दरवर्षी उचलला जातो आणि खाली बसतो.

त्यामुळं दीड फूट माती काढायची ठरवली. बोळ अरुंद, जेसीबी आत येत नाही, म्हणून हातानं खोदाई. माती शेजारच्या शेतकऱ्यानं बांधावर घालायला मागितली, त्यामुळं वाहतुकीचं भाडं वाचलं. तरी १४,००० गेले. इथंच बजेट हललं, कारण माझ्या हिशोबात ही ओळच नव्हती.

२५ जानेवारी

मुरूम. पहिली ट्रॉली रंगानं बरी वाटली, पण मूठभर ओला करून आवळला तर हाताला चिकटून बसला, धुताना निघेना. म्हणजे मातीच जास्त. परत पाठवली. दुसरी आली ती खड्यांची, दाबली की बसते पण चिकटत नाही. ट्रॉलीला ३,००० प्रमाणे चार लागल्या.

मेस्त्रींचं म्हणणं होतं की सगळा एकदम टाकून वर पाणी सोडू, "आपोआप बसतंय, अक्का." मी सहा इंचांच्या दोन थरांवर अडून बसले. प्रत्येक थर ओला करून धुम्मसानं (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोकायचा, टाच मारली तर खड्डा पडायला नको. एकदम टाकलेल्या मुरमाचा फक्त वरचा भाग घट्ट होतो, खालचा पहिल्या पावसात बसतो आणि फरशी पोकळ वाजायला लागते. पुढच्या बोळातल्या एका घरात तसं झालेलं बघितलंय.

२ फेब्रुवारी

छताच्या चार खांबांचे खड्डे साडेतीन फूट खोल. खांब फरशीवर उभे करायचे नाहीत, हे पहिल्यापासून नक्की होतं. फरशी थोडीफार हलली तरी छत हलायला नको. काँक्रीटमध्ये बोल्ट उभे सोडले आणि वर ग्रीस लावून प्लॅस्टिक गुंडाळलं.

मेस्त्रींनी एक गोष्ट सुचवली, ती लाखाची : "खालनं दोन रिकामे पाइप टाकून ठेवा." एक वायरीसाठी, एक पुढंमागं पाण्यासाठी. ३०० रुपयांच्या पाइपनं पुढची तोडफोड वाचली. गटाराला जाणारा चार इंची पाइपही आत्ताच टाकला.

९ फेब्रुवारी

चार इंच पीसीसी, म्हणजे सळई न घालता केलेलं साधं काँक्रीट. सिमेंट, खडी, एम सँड (दगड दळून केलेली वाळू) मिळून ११,५००. घराच्या जोत्याला आणि वृंदावनाच्या चौथऱ्याला काँक्रीट चिकटू दिलं नाही. मध्ये इंचभर थर्माकोलची पट्टी उभी केली, नंतर ती काढून वाळू भरली आणि वर डांबर ओतलं. मेस्त्रींना हे पटलं नाही. फटीत झुरळं होतात म्हणाले. होत असतील, पण घर, वृंदावन आणि फरशी या तिघांचे पाये वेगळे आहेत आणि काळ्या जमिनीत तिघं आपापल्या गतीनं हलणार. एकमेकांना चिकटवले तर ओढाताण होऊन जोत्याला तडा जातो. वृंदावन कललं ते असंच, जुन्या कोब्यानं एका बाजूनं उचलून धरलं होतं. वृंदावन सरळ करायला वेगळा खर्च आला नाही, पण सासूबाईंनी आधी पूजा करून मगच हात लावू दिला.

पाणी मारायला गोणपाट अंथरून ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ भिजवला. नळाला पाणी रोज येत नाही, पण परड्यात जुना आड असल्यामुळं क्युरिंगचा खोळंबा झाला नाही. ज्यांच्याकडं आड नाही त्यांनी हे काम भर उन्हाळ्यात काढू नये.

२० फेब्रुवारी

शहाबादी फरशी. दुकानात घोटीव आणि बिनघोटीव दोन्ही होत्या. घोटीव दिसायला झकास, पण जूनपासून तिच्यावर शेवाळ धरतं आणि माणूस आडवा होतो. बिनघोटीव २ × २ फुटांची घेतली. चौरस फुटाला ३८ रुपये, दहा टक्के जादा धरून ११,७००, भाडं १,५००.

बिनघोटीव फरशीची जाडी एकसारखी नसते. एकाच ढिगात एक इंचाची निघते आणि पावणेदोन इंचाचीही. लावायला घेण्याआधी जाड, मध्यम आणि पातळ अशा तीन थप्प्या लावल्या. जाड फरश्या छताखाली, पातळ त्या उघड्या पट्ट्यात. थप्प्या लावण्यात अर्धा दिवस गेला, पण मेस्त्रींचा नंतरचा दीड दिवस वाचला असावा.

२३ फेब्रुवारी

फरश्या बसल्या, दरजा (फरश्यांमधल्या फटी) भरायच्या बाकी. बादलीनं पाणी ओतून बघितलं. निम्मं गटाराकडं गेलं, निम्मं उघड्या पट्ट्यात थबकलं. दोरी आणि पाण्याची नळी लावली तेव्हा कळलं, १४ फुटांत उतार जेमतेम इंचभर. घरातल्या टाइल्सना एवढा चालतो. बाहेरच्या खडबडीत दगडाला फुटामागं निदान एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी हवा, दोन सूत असेल तर उत्तम.

घराकडची पातळी दारामुळं ठरलेली, तिथं वर जायला जागा नाही. सुदैवानं गटाराकडच्या रांगांखाली माल अडीच इंच जाड पडला होता. शेवटच्या चार रांगा उचलल्या, खालचा माल उताराउतारानं खरवडून शेवटच्या रांगेखाली इंचावर आणला. एकूण उतार अडीच इंच झाला. दोन फरश्या उचलताना मोडल्या. मजुरीचा एक दिवस वाया, पण दरजा भरल्या असत्या तर सगळंच फोडावं लागलं असतं. म्हणून बादलीची परीक्षा दरजा भरण्याआधीच घ्यायची.

५ मार्च

कट्टा. चंदगडकडून आलेले चिरे, ७,८००. फोटोतल्या बैठकींची उंची १८ इंच आणि खोली तेवढीच, म्हणजे पाय खाली सोडून बसणाऱ्यांसाठी. आमच्या घरात पाय खाली सोडून फक्त पाहुणे बसतात. बाकी सगळे मांडी घालतात, सासूबाई तर शेंगा सोलायला एक पाय वर घेऊनच बसतात. मांडीला १८ इंच पुरत नाहीत, गुडघे बाहेर येतात. म्हणून खोली २४ इंच, उंची १५. लांबी नऊ फूट, एका टोकाला भिंतीचा टेकू. दार मोकळं उघडतं.

चिऱ्यांना गिलावा केला नाही. तांबड्या चिऱ्याच्या भोकाभोकांचं अंगच मला आवडतं आणि चुन्याच्या भिंतीपुढं ते खुलून दिसतं. बसायच्या जागी मात्र शहाबादी घातली, नाहीतर साड्यांना तांबडी धूळ लागते.

जुनं उखळ मुलांनी रंगवून शोभेला ठेवायचं म्हटलं होतं. सासूबाईंनी डोळे वटारले. ते फरशीत बसवलंय, तोंड फरशीच्या बरोबरीनं, वर लाकडी झाकण. झाकण लागतंच, कारण उघडं ठेवलं तर पावसाचं पाणी साचून त्यात डासांची अंडी होतात.

१६ मार्च

आज एक नवीन भानगड. सासूबाईंनी नव्या फरशीवर बसून चिंचेनं तांब्याचा हंडा घासला. धुऊन झालं, ऊन पडलं आणि काळसर दगडावर पांढरट डाग उमटले, हंड्याचं बूड टेकलं होतं तिथं तर गोलच्या गोल. घासून जात नाहीत. शहाबादी हा चुनखडीचा दगड. चिंच, लिंबू, ताक, टॉयलेटचं ॲसिड, काहीही आंबट लागलं की त्याचा वरचा थर खाल्ला जातो. तो डाग म्हणजे काही लागलेलं नाही, दगडच झिजलाय. दुकानदारानं "सिमेंटचे डाग राहिले तर ॲसिडनं धुवा" असं सांगितलं होतं. सुदैवानं ते केलं नाही. सिमेंटचे डाग ओलं गोणपाट आणि वाळू घासून काढले.

कडाप्पा घालू म्हटलं तर तोही चुनखडीचाच. शेवटी ग्रॅनाइटच्या दुकानातून इलकलच्या लाल ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणला, ४ × ३ फुटांचा, कापून आणि बसवून १,२००. कढीपत्त्याखालच्या कोपऱ्यातल्या तीन फरश्या काढून तो तिथं बसवला. त्याला आंबटाचं काही होत नाही. चिंच-लिंबाची घासाघीस आता फक्त तिथंच. पहिले डाग तसेच आहेत. सासूबाई त्यावर मुद्दाम पाट मांडून बसतात.

३० मार्च

लोखंडी सांगाडा उभा राहिला. ३८० किलो, किलोला ११५ रुपये बनवून-बसवून, म्हणजे ४३,७००. एका कामात इतका मोठा आकडा दुसरा नाही. जाड पाइप घेतला, कारण मंगळुरी कौलं जड. एक कौल दोन-सव्वादोन किलो, भिजलं की आणखी. तीनशेच्या आसपास कौलं म्हणजे सहा-सातशे किलो सांगाड्यावर कायमचे.

रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, वेल्डिंगच्या सांध्यांवर पुन्हा मारायला लावा. कारखान्यातून रंगवून आणतात, इथं आल्यावर जोडतात आणि नेमका जोडलेला सांधा उघडा राहतो. पहिला गंज तिथंच.

८ एप्रिल

कौलं जुनी घेतली. खानापूर तालुक्यात पाडलेल्या घरांची कौलं विकणारे बरेच आहेत. १८ रुपयांना एक, ३२० घेतली, भाड्यासकट ७,९६०. नव्यांपेक्षा स्वस्त हे खरं कारण नाही. जुन्यांचा रंग उतरलेला असतो, त्यामुळं भिंतीशी पहिल्या दिवसापासून जमतो. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हा साचा सगळीकडं गेला, पण कारखान्याकारखान्यात खाचांचं माप थोडं वेगळं असतं. एकाच शिक्क्याची घ्या. मिसळ झाली की एकमेकांत बसत नाहीत.

निवडताना प्रत्येक कौल टिचकी मारून बघितलं. खणखणीत वाजलं की चांगलं, बद्द आवाज आला की आत चीर. गाडीवाला वैतागला, पण वीस-पंचवीस बाजूला निघाली.

१९ एप्रिल

मिरच्या आल्या. संकेश्वरी आणि ब्याडगी निम्म्या-निम्म्या, नेहमीप्रमाणं. उघड्या पट्ट्यात जुन्या साड्या अंथरून पसरल्या. पूर्वी कोब्यावर वाळायला लागायच्या त्याहून या वर्षी लवकर कडक झाल्या. दगड तापतो आणि खालूनही वाळवतो. दरजांतून सिमेंटची कणी निघते का बघितलं, नाही निघत. छताखाली सावलीत बसून सासूबाई आणि शेजारच्या काकू देठ काढत होत्या. मीही त्यांच्यात बसले आणि संध्याकाळपर्यंत शिंकत होते.

२७ एप्रिल

वळीव. दुपारी चारला पूर्वेकडनं काळं भरून आलं आणि पाऊण तास आडवा पाऊस. छत गळलं. थेंबथेंब नाही, कट्ट्यावर सरळ रेषेत धार.

कौलं फुटलेली नव्हती. सांगाड्याचा उतार कमी पडतोय. भिंतीला तो दहा फुटांवर टेकवलाय आणि पुढं सात फुटांवर, आडवं अंतर आठ फूट. म्हणजे उतार वीस-एकवीस अंश. मंगळुरी कौलांना तीसच्या आसपास हवा. कमी उतारावर वारा पाणी उलटं वर ढकलतो आणि ते खाचेवरून आत येतं. सांगाडा बनवणाऱ्याला उताराचं विचारलं होतं, तो म्हणाला होता, "चालतंय की." त्याचं नेहमीचं काम पत्र्याचं. पत्र्याला एवढा उतार चालतो. कौलांचा अंदाज त्याला नव्हता आणि कौलं शाकारणाऱ्या माणसाला मी सांगाडा उभा राहिल्यावर बोलावलं. क्रम उलटा हवा होता. आधी कौलवाला, मग वेल्डर.

६ मे

उपाय शोधण्यात आठवडा गेला. उतार वाढवायचा तर मागं वर जाता येत नाही, स्लॅब आडवा येतो. पुढून खाली आणला तर साडेपाच फुटांवर कौल येतं, दीर सहा फुटी आहे. छताची खोली कमी केली तर पावसात कट्टा भिजतो.

कौलवाल्या मामांनी सांगितलं ते केलं. कौलं उतरवली, खाली रंगीत पत्रा घातला, त्यावर पट्ट्या मारून पुन्हा तीच कौलं. पाणी अडवायचं काम पत्र्याचं, कौलं दिसायला आणि उन्हाला. पत्रा १३,०५०, मजुरी ४,५००. उतरवताना दहा-बारा कौलं फुटली. फायदा एक : नुसत्या पत्र्याखाली पावसात बोलता येत नाही, इथं येतं. दुपारी खालची जागाही नुसत्या पत्र्यापेक्षा कमी तापते, कारण कौल आणि पत्रा यांच्यामधून हवा फिरते.

पट्ट्या पत्र्यावर आडव्याच बसवाव्या लागतात, पण पत्र्याला सलग टेकवू नका. त्यामागं पाणी आणि पाला अडकून पत्रा सडतो. पत्र्याच्या उंच नाळ्यांवरच टेकवल्या तर खालून पाणी वाहून जातं. पुढं पन्हळ आणि तिचा पाइप थेट गटारात, ६,२०० (खालच्या चार इंची पाइपसकट).

१८ मे

लाइट. रिकाम्या पाइपमधून वायर ओढली, कुठं काही फोडावं लागलं नाही. बाहेरच्या सगळ्या लाइनला वेगळा ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून. दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे. बटणं घरात. ९,४०० झाले, यातले निम्मे सुरक्षेचे, जे दिसत नाहीत.

पांढरा उजेड एक रात्र लावून बघितला. परडं पेट्रोल पंपासारखं दिसत होतं आणि वळवानंतरची पाखरं झुंडीनं आली. पिवळे २७०० केल्विनचे लावले, तेही भिंतीकडं तोंड करून. पाखरं येतात, पण पूर्वीएवढी नाहीत. बुरुडाकडून दोन दुरड्या आणून दिव्यांना टोप्या केल्या, भिंतीवर जाळीदार सावली पडते. सजावट म्हणून विकत घेतलेल्या वस्तू एवढ्याच.

भिंतीला चुन्याचा पांढरा, खाली दीड फूट काव (गेरू) रंगाचा पट्टा. काव शोभेसाठी वाटते, पण पावसाचं पाणी फरशीवर आपटून भिंतीवर उडतं ते एवढ्याच उंचीपर्यंत. पांढरी भिंत तिथं दर पावसाळ्यात घाण होते. पट्ट्याला ऑइलबाउंड डिस्टेंपर नव्हे, एक्स्टिरिअर इमल्शन घ्या, काव रंगात मिळतं.

१ जून

कुंड्या खानापूरच्या, मातीच्या. इथली काळी माती कुंडीत भरायची नाही. वाळली की कडेनं सुटते आणि पाणी कडेनं निघून जातं, मूळ कोरडंच. तांबडी माती दोन पाट्या, शेणखत एक, भाताचं तूस एक. तूस गिरणीत मागितलं की मिळतं. प्रत्येक कुंडीखाली विटेचे तीन तुकडे, म्हणजे भोक बंद होत नाही आणि फरशीवर गोल डाग पडत नाही.

झाडं : जाई आणि मधुमालती कंपाउंडवर, अबोली, शेवंती, कर्दळ, गवती चहा. बांबूचं बेट लावायचा मोह झाला होता, पण त्याची मुळं फरशीखाली घुसतात. माती-कुंड्यांसकट ६,३००.

जास्वंद जुनीच. तिच्यावर पिठ्या ढेकूण कायम. साबणाच्या पाण्याचा फवारा संध्याकाळी, पानाच्या खालून. दर आठवड्याला सातत्यानं केलं तरच उपयोग होतो.

२२ जून

मृगाचा पाऊस धरला. छत कोरडं. पश्चिमेचा वारा घर स्वतःच अडवतं, त्यामुळं या पावसापेक्षा वळीवच अवघड परीक्षा होती. उतार बरोबर, पाणी थांबत नाही. मात्र शेवग्याची पानं गळून गटाराच्या तोंडाशी जाळी तुंबली आणि रात्रीत चार इंच पाणी उभं राहिलं. सपाट जाळी काढून घुमटाच्या आकाराची बसवली. पानं कडेला साचतात, वरून पाणी जातं.

१३ जुलै

सलग झड. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलंय, कंपाउंडच्या पलीकडं भात बुडालेलं दिसतं. परड्यात खालून ओल वर आलीय का म्हणून दरजा बघितल्या. एक-दोन ठिकाणी लोणा लागल्याची, म्हणजे खाराची पांढरी रेघ, बाकी ठीक. फरशी कुठंही उचललेली नाही. जोत्याजवळची डांबराची फट तेवढी आवळलेली दिसते, म्हणजे खाली माती फुगलीय आणि फट आपलं काम करतेय.

दुरड्यांना बुरशी आली. काढून चुलीवर धुरावर धरल्या आणि आत टांगून ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये परत लावायच्या. बाहेर बारमाही ठेवायची असेल तर दुरडी चालणार नाही, तारेची जाळी घ्यावी लागेल.

उघड्या पट्ट्यात शेवाळ धरलंच, पण पाय घसरत नाही. खराटा आणि वाळू, पंधरवड्यातून एकदा.

३ ऑगस्ट

हिशोब. गवंडी आणि बिगारी मजुरी ३८,००० धरून सगळे मिळून १ लाख ८८ हजार ८१०. बजेटपेक्षा ६८ हजार वर. यातले खोदाई, मुरूम आणि पीसीसीचे साडेसदतीस हजार जमिनीत गेले आणि एकाही पाहुण्याला दिसणार नाहीत. पत्र्याचे साडेसतरा हजार वाचले असते. झाडं आणि लाइट मिळून पंधरा हजार सातशे, आणि येणारा जाणारा कौतुक त्याचंच करतो.

पैसे कमी असतील तर छत पुढच्या वर्षी करा, खांबांचे बोल्ट मात्र आत्ताच काँक्रीटमध्ये सोडून ठेवा. खोदाईत काटकसर नको. तांबड्या जमिनीवर, म्हणजे खानापूरच्या बाजूला, दीड फूट काढायची गरज पडत नाही, तिथं हाच खर्च बराच खाली येईल.

बाकी राहिलेलं : पन्हळीच्या एका सांध्यातून थेंब पडतो, पाऊस उघडल्यावर सिलिकॉन. कट्ट्याच्या टोकाच्या चिऱ्याचा कोपरा उडालाय, तसाच ठेवणार. किल्ल्यासाठी मुलांनी उघड्या पट्ट्यातला शेवग्याजवळचा कोपरा आतापासून धरलाय. खाली ताडपत्री घालायची अट मान्य झालीय, चिखल दरजांत गेला की निघत नाही.

उरलेली कौलं तीसेक आणि फरश्या चार-पाच शेवग्याखाली उभ्या रचून ठेवल्यात. विकायच्या नाहीत. त्याच शिक्क्याचं कौल पुन्हा मागायला गेलं तर मिळेलच असं नाही.